बरणीवाल्याच्या घरचं औषध

संग्रहालयाच्या तळघरात एक लांबट खोली होती. तिथे ऊन येत नसे, आणि येऊ द्यायचंही नसे, कारण उन्हाने रंग उडतात. दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांमध्ये मासे, बेडूक, साप, खेकडे, वटवाघळाचं एक पिल्लू. ते पिल्लू पंख छातीशी मिटून असं बसलेलं होतं की वाटावं, आत्ता डोळे उघडेल आणि म्हणेल, झाली माझी प्रार्थना.

या सगळ्यांना टिकवून ठेवणारे ते बरणीबुवा. खरं नाव हजेरीपटावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. वरच्या दालनात भिंतींवर रानं आणि समुद्र रंगवणाऱ्या रंगाऱ्याने एकदा गमतीने बुवा म्हटलं आणि ते अंगाला चिकटलं. बुवांनाही त्याचं वाईट वाटत नसे. देवाने घडवलेली इतकी रूपं आपल्या हवाली आहेत, मग बुवा म्हटलं तर बिघडलं कुठे?

काम तसं शांत होतं. बरणीतलं द्रव्य उडून पातळी उतरते, ती भरायची. झाकणाची रबरी कड सुकते, ती बदलायची. हातात रबरी मोजे, नाकातोंडावर जाड मुखपट्टी. कारण जे द्रव्य मेलेल्याला टिकवतं, ते जित्याला सोसत नाही. वास जरी छातीत गेला तरी डोळ्यांतून धारा लागतात.

आणि एक नियम सगळ्या नियमांच्या वरचा. बरणी हलवायची नाही. जुन्या माशाचे पर कागदाहून नाजूक झालेले असतात, हिसका बसला की गळतात. तळाला बसलेला गाळ वर आला की सगळं धुकं होतं आणि ते निवळायला दिवसच्या दिवस लागतात. नवा माणूस कामाला आला की बुवा त्याला आधी काही शिकवत नसत, फक्त बरणी घेऊन चालायला लावत. “झोपलेलं बाळ एका खोलीतून दुसरीत न्यायचंय असं समज,” म्हणायचे. “त्याला कळताही कामा नये.”

झोपलेलं बाळ त्यांच्या घरीही होतं. आता सात वर्षांचं झालं होतं इतकंच. पुढचे दोन दात जरा जास्तच मोठे आले म्हणून तिचं नाव खारू पडलं होतं. खारू चार वर्षांची असताना तिला झटके आले. जेवता जेवता डोळे फिरले, अंग ताठ झालं, हातातली वाटी जमिनीवर. त्या दिवसाची आठवण घरात कुणी काढत नसे. औषध सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ, पातळसर गोड औषध, तपकिरी काचेच्या बाटलीतलं. तेव्हापासून झटका म्हणून नाही.

औषध द्यायचं ते आईनेच. तिची ती एक पूजाच होती. खारूने हात जोडायचे, डोळे मिटायचे, आईने बाटली हातात घेऊन नाचवत काहीतरी गुणगुणायचं आणि मग “आ कर.” बुवा तेव्हा दाढी करत असत नाहीतर बूट शोधत असत. देवाचं नाव घेऊन दिलेलं औषध लागू पडतं, एवढं त्यांनाही पटत होतं. नाचवणं आणि गुणगुणणं हा मायलेकींचा लाडाचा भाग, असं त्यांनी धरलं होतं.

मग खारूच्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. तिला पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. आई पिशवी भरून निघाली, निघताना दारात उभी राहून बुवांना बजावत राहिली.

“पिचकारीने द्यायचं. चमच्याने नाही. काळ्या रेघेपर्यंत, वर नाही, खाली नाही. दूध प्यायल्यावर. चुकवायचं नाही. ताप आला तरी द्यायचं. लक्षात राहील ना?”

“अगं, मी दिवसभर मापंच तर भरतो.”

“तुमची गिऱ्हाइकं मेलेली असतात,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच जीभ चावून देवाला हात जोडले. “तसं नव्हे. सांभाळा पोरीला.”

सगळं सांगितलं तिने. एक गोष्ट राहिली. जी गोष्ट हातालाच ठाऊक असते, ती तोंडाला सांगायची सुचत नाही.

बुवांनी काम मनावर घेतलं. मनावर घेतलं की त्यांच्यासारखा काटेकोर माणूस नाही. बाटली कपाटातून काढायची ती संग्रहालयातल्या बरणीसारखी, दोन्ही हातांनी, सरळ, अलगद. झाकण उघडायचं, पिचकारी बुडवायची, रेघेला रेघ लावायची. मग झाकण घट्ट, आणि बाटली पुन्हा जागेवर, थेंबसुद्धा हिंदकळू न देता. खारू हात जोडून, डोळे मिटून वाट पाहायची.

“बाबा, गाणं?”

“मला कुठे येतं गाणं! आ कर.”

असे दिवस चालले होते. एका दुपारी डबा खाताना रंगारी म्हणाला, “काय बुवा, पोरीचं औषध तुम्हीच देता म्हणे हल्ली?”

“हो. का?”

“नाही, म्हटलं, चुकून इथली बाटली घरी आणि घरची इथे नको व्हायला. तुमच्या हाताला टिकवायची सवय. पोर सात वर्षांचीच राहायची कायमची.”

दोघंही हसले. रंगाऱ्याच्या तोंडाला कुंपण नव्हतं, मनात मात्र काही नसे. पण हसता हसता तो पुढे म्हणाला, “तसं औषधातही टिकवायचं काहीतरी घालतातच की. त्याशिवाय का ती बाटली महिनोन्‌महिने दुकानात राहते?”

बुवांचा घास हातात राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी भिंग घरी आणलं. बाटलीवरच्या कागदाची ती मुंगीसारखी अक्षरं, ती त्यांनी एकेक करून वाचली. गोडी कशाने, रंग कशाने, वास कशाने, आणि मग तो शब्द: प्रिझर्व्हेटिव्ह. त्यापुढे दोन लांबलचक नावं. नावं त्यांच्या खोलीतल्या डब्यांवरची नव्हती, पण जात तीच वाटली. टिकवणारं. ज्याच्यासाठी आपण मुखपट्टी बांधतो, त्याच्या कुळातलं काहीतरी आपण लेकीच्या जिभेवर सोडतो आहोत, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हाताने.

एकदा मनात पाल चुकचुकली की मग डोळ्यांना तेच दिसायला लागतं, असं म्हणतात. पण बुवांचे डोळे तसे खोटं पाहणारे नव्हते. बरणीतल्या बेडकाच्या पाठीवर टाचणीएवढा डाग पडला तरी त्यांना कळायचं. त्यांना जे दिसलं ते खरोखरच होतं. बाटली नवी असली की खारू पाखरासारखी. जिन्यावरून दोन पायऱ्या गाळून उतरायची, प्रश्नांनी डोकं खायची. बाटली अर्ध्याखाली उतरली की मंद व्हायची. दूध पिताना डुलकी यायची. अगदी तळाला आली की चालताना झोकांड्या खायची, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. बोलणं जड, जीभ सुजल्यासारखी. नवी बाटली उघडली की चार-सहा दिवसांत पुन्हा पाखरू.

एकदा झालं तेव्हा त्यांना वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. बाटली जितकी जुनी, तितकी पोर आजारी. म्हणजे ते टिकवणारं रसायन अंगात साठतंय. याहून सरळ अर्थ कुठला?

ते खारूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवी बाटली सुरू होऊन काही दिवस झालेले, त्यामुळे खारू खुर्चीत बसायलाच तयार नव्हती, वजनकाट्यावर उड्या मारत होती. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. तरी बाईंनी ऐकून घेतलं.

“तुमची शंका वेडेपणाची नाही,” त्या म्हणाल्या. “अगदी तान्ह्या बाळांना काही प्रिझर्व्हेटिव्ह चालत नाहीत, तिथे आम्हीही जपून असतो. पण ही सात वर्षांची आहे आणि यात ते अगदी थोडं असतं. ते नसेल तर उघडलेल्या बाटलीत बुरशी धरेल. मग ती बुरशी पाजायची का?”

“पण झोकांड्या खाते ती. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“झोकांड्या औषध जास्त झालं तर जातात. डोस कसा देता?”

“पिचकारीने. काळ्या रेघेवर. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.”

“एखादा चुकतो?”

“एकही नाही.”

असा बाप रोज समोर येत नाही. बाई समाधानाने हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहिला. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं: औषध रक्तात जास्त नाही, उलट थोडं कमीकडेच आहे.

“बघा,” बाई म्हणाल्या, “डोस वाढवायला नको, कमी करायला तर मुळीच नको. आणि एक ऐका. मनाने बंद करू नका. एकदम थांबवलं तर झटके दुपटीने उसळतात. पुन्हा तशी दिसली तर त्याच दिवशी घेऊन या.”

बुवा घरी आले ते अधिकच खात्री घेऊन. औषध जास्त नाही, हे बाईच म्हणाल्या. मग पोरीला डोलवतं ते कोण? उरलं एकच.

मध्ये शाळेतल्या शिक्षिकेने सांगितलं, की खारू वर्गात मध्येच थांबली, क्षणभर कुठेतरी हरवल्यासारखी, हाक मारली तरी ओ नाही. तेव्हा बाटली नवीच होती. बुवांनी ते मनावर घेतलं नाही. आई आठवत असेल, म्हणाले.

बाटली पुन्हा उतरली. पुन्हा तेच, या वेळी जास्त. खारूला सकाळी उठवलं तर मान धरेना. तोंड धुताना ती नळाच्या शेजारी हात धरू लागली, जणू नळ दोन होते. बुवांनी तिला पलंगावर बसवलं, आणि सकाळचं औषध दिलं नाही. पिचकारी भरली होती, ती हातात तशीच राहिली. मग त्यांनी आईला फोन लावला.

“मी बंद करतोय,” ते म्हणाले.

पलीकडून आई म्हणाली, “काय बंद करताय?”

“औषध. पोर माझ्या डोळ्यांदेखत विझतेय. तू पाहिलं नाहीस.”

“अहो, जेवताना तिला आलेला तो झटका मी पाहिलाय. ती वाटी पडलेली पाहिलीय. तुम्ही तेव्हा तुमच्या बरण्यांत होतात.”

हे खरं होतं आणि म्हणून लागलं. बुवा म्हणाले, “विषाने बरं करायचं का मग?”

“विष नाही ते! मी तीन वर्षं दिलंय त्याच हातांनी. माझ्या हातून कधी डोलली ती? सांगा ना, डोलली?”

“नाही,” ते म्हणाले. “पण साठत जातं ते. आता भरलं असेल.”

“मी निघते. संध्याकाळची गाडी मिळेल. आईपाशी शेजारीण बसेल. तोवर तुम्हाला देवाची शपथ आहे, बाटली फेकू नका.” मग आवाज एकदम बारीक झाला. “मी तिथे असते तर झालं नसतं का हो हे?”

फोन ठेवून बुवांनी पिचकारीतलं औषध परत बाटलीत सोडलं आणि बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. फेकणार नव्हतेच. त्यांच्या मनात होतं, की संग्रहालयाच्या प्रमुखबाई रसायनं जाणतात, त्यांना ती दोन नावं दाखवावीत, आणि त्यांनी होकार दिला की मग कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही, डॉक्टरीणबाईंचंही नाही. खारूला शाळेत पाठवण्यात अर्थ नव्हता. तिला कडेवर घेऊनच ते कामावर गेले.

प्रमुखबाई अजून यायच्या होत्या. बुवांनी खारूला तळघरात आपल्या स्टुलावर बसवलं. रोजचं द्रव्य ओतायचं काम त्यांनी आज काढलं नाही, सगळे डबे कपाटात कुलूपबंद होते. फक्त झाकणं तपासायची होती. विजेरी घेऊन ते एकेका बरणीमागून उजेड टाकत होते. खारू टेबलावर हनुवटी टेकून अर्धवट डोळ्यांनी पाहत होती. टेबलावर एक छोटी बरणी होती, मुठीत मावेल एवढी. आत समुद्रघोडा. जुना, शेपटीची गुंडाळी सैल पडलेला, तळच्या पांढऱ्या गाळात अर्धा रुतलेला.

बुवांची पाठ तिच्याकडे होती. मागे खळखळ आवाज आला.

ते वळले. खारूने बरणी दोन्ही हातांत धरली होती आणि ती जोरजोरात हलवत होती. गाळ वर उठला होता, समुद्रघोडा ढगात गायब.

“हलवू नकोस!” ते ओरडले. या खोलीत ते कधीच ओरडले नव्हते. “ठेव! ठेव आधी खाली! किती वेळा सांगितलं, बरणी हलवायची नाही!”

खारूने बरणी ठेवली. ओठ थरथरायला लागले.

“तो तळाला झोपला होता,” ती जड जिभेने म्हणाली. “मी त्याला वर आणत होते. आई आणते ना, औषधाला, तसं.”

“कसं?”

“गाण्याने.”

“म्हणजे कसं? म्हणून दाखव.”

खारूने डोळे पुसले, रिकाम्या हातात न दिसणारी बाटली धरली आणि हात वरखाली करत म्हणू लागली:

“हल गं बाटली, हल गं हल,
तळातलं सारं वरती चल,
वरचं खाली, खालचं वर,
देवा, माझ्या खारूला बरं कर.”

“हे चार वेळा म्हणायचं,” ती म्हणाली. “चार वेळा झालं की मगच आ करायचं. तुम्ही एकदापण म्हणत नाही.”

बुवांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून बाटली. तिच्यात आता बोटभर औषध उरलं होतं. तपकिरी काच, बाहेरून सगळं सारखंच काळं दाखवणारी. त्यांनी बाटली मांडणीवर ठेवली आणि विजेरीचा उजेड मागून टाकला. आयुष्यभर ज्या हाताने हे केलं, त्याच हाताने. वर चहाच्या पाण्यासारखं पातळ काहीतरी. आणि तळाशी, कडेकडेने चढलेला, दाट पांढरा थर. गाळ.

गाळ ओळखणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. शंभर बरण्यांतून ते एका नजरेत सांगायचे, कुणाचा गाळ किती. आणि आपल्या लेकीच्या बाटलीला त्यांनी एकदाही उजेड दाखवला नव्हता.

त्यांनी बाटली फिरवली. बारीक अक्षरांच्या वर, भिंग नसतानाही दिसेल एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुंग्या मोजता मोजता हत्ती समोरून निघून गेला होता.

“वरचं वरचं पाणी पाजलं मी तुला,” ते म्हणाले. “आणि तळाचं सगळं एकदम.”

“बाबा, घोडा मेला का?” खारूने विचारलं.

बुवांना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “नाही गं. तो खाली येईल हळूहळू.”

एवढ्यात वरून रंगारी उतरला, ओरडणं ऐकून. दारातच काहीतरी विनोद तोंडात तयार होता, पण बुवांचा चेहरा पाहून त्याने तो गिळला. “गाडी काढू का?” एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी खारूला एका बोटाकडे पाहायला सांगितलं. बोट बाजूला गेलं तशी खारूची बुबुळं बारीक बारीक हिसके देत गेली. एका रेषेत चालायला सांगितलं, ती तिसऱ्या पावलाला कलंडली. मग बुवांनी बाटली टेबलावर ठेवली आणि जे घडलं ते सांगितलं. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. समुद्रघोडाही सांगितला.

बाई ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकल्या. “म्हणून नव्या बाटलीला रक्तात कमी,” त्या हळू म्हणाल्या. “शाळेत कधी हरवल्यासारखी झाली होती?”

“झाली होती. मी म्हटलं, आई आठवत असेल.”

“तो छोटा झटकाच असणार. औषध पुरत नव्हतं तेव्हाचा. आणि आता हे.” त्यांनी कपाळ चोळलं. “डोस कसा देता, हे विचारलं मी. हलवता का, हे विचारलं नाही. तुम्ही इतकं नीट सांगितलंत की मला वाटलं, या माणसाला काय विचारायचं.”

“चूक माझी आहे बाई.”

“वाटून घेऊ,” त्या म्हणाल्या. “पण एक लक्षात ठेवा. तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. बाटली उतरते तशी पोर उतरते. हे कुणी आई-बाप मला सांगत नाहीत. फक्त ज्याच्यावर आळ घेतलात, तो बिचारा निर्दोष होता.”

रक्त घेतलं. औषध बरंच चढलेलं निघालं. बाईंनी खारूला त्या दिवशी तिथेच नजरेसमोर ठेवून घेतलं, संध्याकाळचा डोस थांबवला आणि पुढचा कधी द्यायचा ते आपण सांगू म्हणाल्या. ती बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला काढून नवी लिहून दिली.

बुवा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “बाई, रागावू नका. पण ते प्रिझर्व्हेटिव्ह… नसलेलं काही मिळतच नाही का?”

रंगाऱ्याने वर छताकडे पाहिलं. बाई मात्र रागावल्या नाहीत.

“याच औषधाच्या चघळायच्या गोळ्या येतात. ही जरा स्थिरावली की बघू. तोवर विचारत राहा. विचारणारा बाप मला चालतो. न विचारता बंद करणारा नको.”

बुवांनी मान खाली घातली. सकाळी त्यांनी तेच केलं होतं, आणि आजच्या सकाळपुरतं ते नेमकं पथ्यावर पडलं होतं. देव कुणाच्या चुकीतून कुणाला सावरतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण या सकाळच्या जोरावर त्यांना पुढच्या सकाळीही तसंच करता आलं असतं, आणि तेव्हा सावरायला कुणी नसतं, हे त्यांना आता दिसत होतं.

आई आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवासाने कोमेजलेली, पिशवी खांद्यावर तशीच. बुवांशी एक शब्द नाही. थेट खारूपाशी गेली. खारू घरी आली होती, उशीला टेकून बसली होती, अजून थोडी सुस्त, पण डोळे एका जागी ठरत होते. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पापण्या पाहिल्या, जीभ पाहिली, कपाळाला कपाळ लावलं.

“आई, बाबा घोड्याला ओरडले,” खारू म्हणाली. “म्हणजे मला. घोडा वर आला म्हणून.”

मग बुवांनी सांगितलं. सांगताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, आत येत नव्हते. आई ऐकत गेली. शेवटी पिशवी खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसली.

“मी सांगितलंच नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “दारात उभी राहून जगभरचं सांगितलं. हे नाही.”

“लिहिलेलं होतं त्यावर. एवढ्या मोठ्या अक्षरात.”

“ते मी कधी वाचलंच नाही हो. औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, चांगली हलव. माझ्याकडून घाईत राहून जाईल म्हणून मी त्याचं गाणं केलं. देवाचं नाव घातलं की राहत नाही मग.” तिने वर पाहिलं. “तुम्हाला काय वाटायचं, मी काय करते?”

“मला वाटायचं, लाड करतेस.”

आई हसली. येताना वाटेत बरंच काही बोलायचं ठरवून आली असणार, पण त्यातलं काही निघालं नाही. “लाडच होते,” ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आता द्या म्हणून. खारूचं दूध पिऊन झालं. आई उठायला लागली, तसे बुवा म्हणाले, “थांब. मी देतो. तू नुसती बघ.”

नवी बाटली त्यांनी कपाटातून काढली, सवयीने दोन्ही हातांनी, सरळ. आधी खिडकीपाशी जाऊन उजेडावर धरली, कागदावरची मोठी अक्षरं वाचली, मग बारीकही. ती दोन लांबलचक नावं अजून तिथेच होती आणि त्यांना अजूनही आवडत नव्हती. खारूने हात जोडले, डोळे मिटले.

बुवांनी बाटली हलवली. म्हणजे हलवायला गेले. ज्या हातांनी इतकी वर्षं कुणाला हिसका बसू दिला नाही, ते हात मनगटापाशीच अडले. बाटली जेमतेम डुलली.

“अहो, असं काय, तिला झोपवताय का उठवताय?” आई म्हणाली. “मेलेल्यांची सवय सोडा.”

बुवांनी दात आवळले आणि जोराने हलवली. आत गडगड झाली. त्या आवाजाने त्यांच्या अंगावर काटा आला, पण थांबले नाहीत. घशातून गाणं निघालं, बेसूर, अर्धवट पाठ, वरचं खाली आणि खालचं वर यांची अदलाबदल होत. आईने पदर तोंडाला लावला. त्यांनी झाकण उघडायला हात नेला.

खारूने एक डोळा किलकिला केला.

“बाबा, अजून. तीनदाच झालं.”

आणि बुवांनी झाकणावरचा हात काढून बाटली पुन्हा वर धरली.